आत्याबाईंची फुंकणी

आमच्या घरात काडेपेटी देवापाशी असायची, चुलीपाशी नाही. दिव्याला काडी ओढलेली चालायची, पण चुलीला काडी लावणं म्हणजे घरातल्या बाईला विस्तव राखता येत नाही, असं माझ्या सासूबाईंचं मत होतं. जेवणं झाली की त्या निखारे राखेखाली दाबून ठेवत. सकाळी राख बाजूला सारायची, वर एक मोडकी गवरी आणि चिमूटभर उसाचं पाचट ठेवायचं आणि लोखंडी फुंकणीतून एकच फुंकर मारायची. पहिल्या वर्षात मी त्यांना दुसरी फुंकर मारताना पाहिलं नाही. मी दहा मारायचे. दहाव्या फुंकरीला माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी आणि चूल जशीच्या तशी. त्या शेजारी बसून म्हणायच्या, "केडगावात काय वाऱ्यावर सैपाक करत हुते का गं?"

केडगावला माझ्या माहेरी वातींचा स्टोव्ह होता. मी मॅट्रिक झालेली, नगरच्या हवेतली, आणि त्याचा मला थोडा ताठाही होता. लग्न होऊन मी श्रीरामपूरजवळच्या, पाटाच्या कडेला वसलेल्या गावात आले. घर लहानसंच होतं. मातीचं माळवद, मधली खोली, मागे स्वयंपाकघर आणि परसात गोठा. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे, सासऱ्यांना मामंजी. मामंजींची थोडी उसाची जमीन होती आणि बोलणं त्याहून थोडं. आमचे हे साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. गळीत सुरू झालं की पाळ्यांवर जायचे आणि गुळचट वास घेऊन घरी यायचे.

आत्याबाईंना खोकला होता. तो इतका जुना होता की पाहुणे 'प्रकृती कशी' म्हणून विचारायचे तेव्हा त्यांना तो सांगावा असंही वाटायचं नाही. "ती मपली ढास हाय," एवढंच म्हणायच्या. मपली म्हणजे माझी, जणू ती त्यांनी माहेराहून आणली होती. ढास पहाटे यायची, भाकरी थापताना यायची, दिवेलागणीला यायची. दुपारी रानात खुरपताना मात्र त्या तासन्‌तास बोलत असत आणि एकदाही खोकत नसत. हे मी रोज पाहत होते आणि मला त्यातून काही कळत नव्हतं.

दुष्काळ पडला त्याच्या आदल्या थंडीतली ही गोष्ट. गळीत नुकतंच सुरू झालं होतं. आत्याबाईंना सर्दी झाली आणि ती दोन दिवसांत छातीत उतरली. कफ हिरवा पडला. श्वास घेताना शिट्टी वाजायची. आडवं पडलं की जीव घाबरायचा म्हणून त्या उशांना टेकून बसून राहायच्या. एक वाक्य बोलायचं तर मध्ये तीनदा थांबायच्या. दर थंडीत एकदा-दोनदा असं होतं म्हणे, पण मी ते पहिल्यांदाच इतकं जवळून पाहत होते आणि मला त्याची भीती वाटली. मी ह्यांच्या मागे लागून त्यांना श्रीरामपूरला डॉक्टरकडे नेलं.

फाट्यावर एस्टी धरली. गाडीच्या निम्म्या खिडक्यांना काचा नव्हत्या. मी आत्याबाईंना शालीत गुंडाळून धरलं होतं आणि त्या शाल बाजूला सारत होत्या. श्रीरामपूर येईपर्यंत त्यांचा रंग सुधारला होता आणि सुट्ट्या पैशांवरून त्या कंडक्टरला चार शब्द ऐकवण्याइतक्या तरतरीत झाल्या होत्या. हे हसून म्हणाले, "आईचा दमा एस्टीला घाबरतो." मागच्या थंडीतही असंच झालं होतं म्हणे, आणि त्याच्याही मागच्या. डॉक्टरच्या दारात पोचेपर्यंत दुखणं निम्मं पळायचं, म्हणून डॉक्टरही निम्मंच औषध द्यायचे.

त्या दिवशीचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, बिडी किती ओढता?"

आत्याबाईंनी पदर सावरला. "तुजी आई वढती का?"

डॉक्टर वरमले. मग त्यांनी छाती तपासली, पाठ तपासली आणि टेबलावरची काडेपेटी घेतली. एक काडी पेटवून आत्याबाईंच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरली. "तोंड उघडं ठेवायचं. ओठ मुडपायचे नाहीत. ही विझवा."

आत्याबाई माझ्याकडे बघून हसल्या. ज्या बाईने ओलं पाचट एका फुंकरीत पेटवलं तिला हा पोरगा काडी विझवायला सांगत होता. त्यांनी छाती भरून घेतली आणि फुंकर मारली. ज्योत जराशी वाकली आणि पुन्हा उभी राहिली. त्यांनी पुन्हा फुंकलं. ज्योत खाली सरकत डॉक्टरांच्या बोटांपर्यंत आली आणि त्यांनी काडी टाकून दिली. दुसरी पेटवली. तीही बोटांपर्यंत जळाली. तिसऱ्या काडीला आत्याबाईंनी मान फिरवली.

मला त्यांच्याकडे बघवेना. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले, "मावशी, छातीत श्वासाच्या नळ्या असतात. तुमच्या फुंकणीसारख्याच. त्यांना आतून सूज आलीय. सूज आली की भोक बारीक होतं, त्यात कफ चिकटतो. हवा आत जाते, पण बाहेर पडायला वाट राहत नाही. थोडी सूज तुम्हाला बारा महिने असते. मग सर्दी झाली, धूर लागला, की ती भडकते."

"फुकनीला कशी सूज यील?" आत्याबाई म्हणाल्या. "लोखंडाची हाय ती."

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, बाटलीतलं औषध दिलं आणि मला सांगितलं, गार पाणी नको, आंबट नको, थंडीत बाहेर हिंडणं नको आणि धुरापासून लांब ठेवा. मी सगळं पाठ केलं. परतीच्या गाडीत आत्याबाई खिडकीपाशी बसल्या. बेलापूरच्या पुढे आल्यावर एवढंच म्हणाल्या, "त्या डाक्टराच्या काड्याच खोट्या हायेत."

घरी आल्यावर मी डॉक्टरांचे हुकूम वाचून दाखवावेत तसे सगळ्यांना सांगितले. धुराचं नाव काढताच सगळ्यांनी एकदम मामंजींकडे पाहिलं. मामंजी दिवसाला आठ-दहा बिड्या ओढायचे, तेही ओट्यावर बसून. "आजपासून घरात बिडी नाही," हे म्हणाले. मामंजींनी बिडीचा कट्टा उचलला. "मंग कुठं वढू?" "गोठ्यात," मी म्हटलं. मामंजी निमूट गोठ्यात गेले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, ते आम्ही इतक्या थाटात केलं की आजही आठवलं की मला हसू येतं आणि लाजही वाटते. कारण त्या घरात, त्या गल्लीत, त्या अख्ख्या गावात चुलीच्या धुराला कुणी धूर म्हणतच नव्हतं. ऊन जसं असतं, वारा जसा असतो, तसा तो असायचा.

तेवढ्यात शेजारच्या चुलत सासूबाई आल्या. या नात्याने आत्याबाईंच्या धाकट्या जाऊ, आणि गावातल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे काहीतरी उगाळायला असायचं. डॉक्टर काय म्हणाले ते मी त्यांना सांगितलं.

"सूज हाय ना?" त्या म्हणाल्या. "मंग डाक्टर कशाला लागतोय? पाय सुजला तर काय करतो आपन? शेकतो. गुडघा सुजला तर लेप लावतो. छाती काय परक्याची हाय का?"

बोलणं बिनतोड वाटलं. सूज कुठेही आली तरी सूजच. त्यांनी आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून आणलं, कोमट करून आत्याबाईंच्या छातीला आणि पाठीला लेप दिला. "पुन्यांदा नवरी झालीस बग," असं चिडवलंही. मी मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेक द्यायचे. ऊब टिकावी म्हणून आत्याबाईंचं अंथरूण मधल्या खोलीतून उचलून थेट चुलीपाशी आणलं. आता राहिलं साणं. माळवदाच्या घराला वर एक भोक ठेवलेलं असतं, उजेड यायला आणि धूर जायला, त्याला साणं म्हणतात. आमच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, जे होतं ते एवढं साणंच. "वरून गारठा पडतोय तिच्या अंगावर," चुलत सासूबाई म्हणाल्या. मामंजी माळवदावर चढले आणि त्यांनी साण्यावर पत्रा टाकून दगड ठेवला.

मॅट्रिकला मी फुप्फुसांचं चित्र काढलं होतं. लाल पेन्सिल, निळी पेन्सिल, नळ्यांना फाटे फुटलेले. दहापैकी नऊ मार्क मिळाले होते. त्या नऊ मार्कांची बाई रोज सकाळ-संध्याकाळ त्या कोंडलेल्या खोलीत दहा-दहा फुंकरा मारून चूल पेटवत होती आणि तीन हातांवर निजलेल्या बाईला विचारत होती, "आत्याबाई, ऊब लागतेय ना?"

त्या म्हणायच्या, "लागती." मला वाईट वाटू नये म्हणून.

आठ-दहा दिवस झाले. गोळ्या वेळेवर चालू होत्या, लेप चालू होता, पण उतार पडेना. दिवस जरा बरा जायचा आणि संध्याकाळी पुन्हा शिट्टी. मग एका सकाळी, हे पहिल्या पाळीला गेलेले, मामंजी पाण्याची पाळी म्हणून उसात, घरात आम्ही दोघीच होतो. रात्री दव पडून पाचट ओलं झालं होतं. मी दूध ठेवलं आणि फुंकत राहिले. चूल पेटत नव्हती, नुसती धुमसत होती. मागे वळून पाहिलं तर आत्याबाई अंथरुणावर दोन्ही हात टेकून पुढे वाकल्या होत्या. तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. शिट्टीसुद्धा येत नव्हती. ओठ जांभळे पडले होते.

मला त्या उचलवेनात. मी गोधडीची दोन टोकं धरली आणि त्यांना गोधडीसकट ओढत नेलं, मधल्या खोलीतून, उंबऱ्यावरून, अंगणात शेवग्याखाली उन्हात. त्यांनी माझं मनगट असं धरलं होतं की दोन बांगड्या फुटल्या. मी पाठ चोळत राहिले. देवाचं नाव घ्यायचं सुचलं नाही. 'आत्याबाई जाऊ नका, आत्याबाई जाऊ नका' एवढंच म्हणत होते. हळूहळू शिट्टी परत आली. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. मग ओठांचा रंग आला. मग त्या बोलल्या.

"दूद... उतू... गेलं आसंल."

मी रडायलाच लागले. दूध खरोखरच उतू गेलं होतं.

चुलत सासूबाई धावत आल्या. "अगं, एवढ्या गारठ्यात आनून टाकली व्हय तिला? मारतीस का?" मी घराच्या दाराकडे बघत होते. वरचं साणं बंद, म्हणून आतला सगळा धूर दाराच्या चौकटीखालून जाडजूड लोळ होऊन बाहेर पडत होता. मला एस्टीच्या फुटक्या खिडक्या आठवल्या. रानातल्या दुपारी आठवल्या. पहाटेची ढास, भाकरीची ढास, दिवेलागणीची ढास. प्रत्येक ढासेच्या वेळी चूल पेटलेली होती. सूज निखाऱ्यासारखी राखेखाली बारा महिने होती आणि आम्ही दिवसातून दोनदा तिच्यावर फुंकर मारत होतो. आणि बिडीसाठी एका गरीब माणसाला गोठ्यात पाठवलं होतं.

मामंजी दुपारी आले तेव्हा मी त्यांना पत्रा काढायला सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही, चढले आणि काढला. अंथरूण पुन्हा मधल्या खोलीत नेलं. त्याने फरक पडला, पण चूल पेटली की धूर मधल्या खोलीतही यायचाच. मग मी ठरवलं की चूलच बाहेर न्यायची.

हे मी कुणालाही न विचारता ठरवलं, हीच माझी चूक. पाटाची माती आणली, तीन विटा रोवल्या आणि परसात गोठ्याच्या भिंतीला टेकून चूल घातली. वर पोत्यांची छपरी केली. दोन दिवस ती वाळू दिली. आत्याबाई झोपून होत्या. त्या उठतील तेव्हा त्यांना दाखवू आणि त्या खूश होतील, असं माझ्या मनात होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी देवापाशी जाऊन काडेपेटी उचलली आणि माझी नवी चूल काडीने पेटवली. पहिल्या भाकऱ्या केल्या, इतक्या चांगल्या माझ्या कधी झाल्या नव्हत्या.

आमच्याकडे एका घरात दुसरी चूल पेटली की त्याचा अर्थ एकच, घर फुटलं. सून सासूपासून वेगळी निघाली. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. माहीत होतं, पण आपल्या मनात जे नाही ते दुसऱ्याच्याही मनात येणार नाही असं वाटायचं ते वय होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. चुलत सासूबाईंनी कुडावरून पाहिलं आणि तास-दीड तासात गल्लीत बातमी झाली. हे पाळी संपवून परत येत होते तर ह्यांना पाटाच्या पुलावरच कुणीतरी विचारलं, "काय, वाटण्या झाल्या म्हनं?"

हे घरी आले ते लालबुंद होऊन. "आई आजारी असताना तुला वेगळी चूल सुचली?" मी म्हटलं, "आई आजारी आहे म्हणूनच सुचली." त्यावर ह्यांनी काय म्हटलं आणि मी काय म्हटलं ते लिहीत नाही. घरोघरी मातीच्या चुली. पण आमच्या आवाजाने आत्याबाई उठल्या. भिंतीला धरून दारापर्यंत आल्या आणि परसातली चूल पाहिली, तिच्यावरचा तवा पाहिला, चुलीशेजारी पडलेली काडेपेटी पाहिली. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी ताट वाढून नेलं. त्या म्हणाल्या, "जिची चूल तिनं खावं." मी गोळी आणि पाणी पुढे केलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

आणि संध्याकाळी ज्याची मला भीती होती तेच झालं. त्या उठून आतल्या चुलीपाशी जाऊन बसल्या. राखेखालचा विस्तव उकरला आणि फुंकणी तोंडाला लावली. मी बाहेरून ऐकत होते. एक फुंकर, मग खोकला. एक फुंकर, मग खोकला. किती वेळाने कोण जाणे, पण त्यांनी चूल पेटवली आणि स्वतःपुरत्या आणि मामंजींपुरत्या भाकऱ्या थापल्या. एका घराचे दोन धूर निघाले. जी वाटणी माझ्या मनातही नव्हती ती खरी झाली. दोन दिवस असं चाललं. त्या गोळी घेत नव्हत्या, धुरात बसत होत्या आणि शिट्टी वाढत होती. मीही फुगून बसले होते. त्यांच्या पायाशी जाऊन 'चुकलं' म्हणायला हवं होतं, पण माझं म्हणणं खरं होतं ना, मग मी का म्हणू? त्या दोन दिवसांचं मला अजून वाईट वाटतं. त्यांचा श्वास जात होता आणि मी माझा खरेपणा धरून बसले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामंजी रानातून आले. आतून आत्याबाईंनी ताट सरकवलं, बाहेरून मी ताट पुढे केलं. मामंजींनी एका ताटातली एक भाकरी घेतली, दुसऱ्यातली एक घेतली, दोन्ही हातावर ठेवून गोठ्यात गेले आणि म्हशीशेजारी बसून जेवले. हात धुऊन आले आणि मधल्या खोलीच्या दारात उभे राहिले. त्यांना एवढं बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"तुज्या छातीपायी मला बिडीला गोठ्यात धाडलं. पंदरा दिस झाले, म्या तिथं वढतोय. गल्लीत कुनी म्हनलं का, म्हातारा वेगळा निघाला म्हनून? म्या गेलो, तसा त्या चुलीचा धूर गेला. धाडनारी तीच पोर हाय."

आत्याबाईंनी परसाकडे पाहिलं. मग त्यांना हसू आलं. हसता हसता ढास लागली आणि ढास जाईना. मी धावत गेले, पाठ चोळली, गोळी दिली. ती त्यांनी घेतली. श्वास जाग्यावर आल्यावर म्हणाल्या, "मला का न्हाई इचारलं?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"व्हय. म्हनले असते." आणि जरा थांबून म्हणाल्या, "तरी इचारायचं. घरात चूल एकच आसती, बाई. ती कुठं न्यायची ते मी सांगनार."

"चुकलं," मी म्हटलं. फार हलकं वाटलं ते म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या आधी उठल्या होत्या. लुगडं नेसून, कुंकू लावून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "तुजी चूल इजव." मी घाबरले. पण विझवली, पाणी शिंपडून राख बाहेर काढली. मग त्यांनी आतल्या चुलीतला विस्तव उकरला, दोन चांगले निखारे एका गवरीच्या तुकड्यावर घेतले, वर राख भुरभुरली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून चालू लागल्या. थेट परसात गेल्या नाहीत. पुढच्या दाराने निघाल्या, गल्लीतून, चुलत सासूबाईंच्या ओट्यावरून, घराला वळसा घालून. चार पावलांवर थांबायच्या, श्वास घ्यायच्या, पुन्हा चालायच्या. चुलत सासूबाई दारात आल्या. आत्याबाईंनी त्यांना गवरी दाखवली. "आमची चूल परसात चाललीय," म्हणाल्या. "भाईर हवा बरी हाय."

गल्लीत आणखी काही सांगायची गरज उरली नाही. जुन्या चुलीचा विस्तव नव्या चुलीत गेला की चूल तीच राहते, घर तेच राहतं.

परसात त्यांनी निखारे ठेवले, वर पाचट ठेवलं आणि फुंकणी मागितली. मी दिली. त्यांनी छाती भरून घेतली आणि फुंकलं. राख हलली. निखारा लाल झाला आणि पुन्हा काळवंडला. त्या दुसऱ्यांदा वाकल्या आणि ढास लागली. ढास थांबल्यावर त्यांनी फुंकणीचं तोंड पदराने पुसलं, नीट पुसलं, आणि ती माझ्या हातात दिली.

"फुक."

मी फुंकलं. त्या मोजत होत्या, मोठ्याने, पलीकडे ऐकू जाईल अशा बेताने. एक. दोन. तीन. चौथ्या फुंकरीला पाचटाने पेट घेतला. "चार," त्या म्हणाल्या. "शिकंल."

आतली चूल त्यांनी त्याच दिवशी माझ्याकडून मोडून घेतली आणि ती जागा सारवून तिथे माठ ठेवला. मामंजींना घरात परत घेतलं नाही. बिडी गोठ्यातच राहिली आणि त्याची त्यांनी कधी तक्रार केली नाही. आत्याबाईंची सूज काही कायमची गेली नाही, जुनी होती ती. दर थंडीत थोडी भडकायची, आम्ही श्रीरामपूरला जायचो, गोळ्या घ्यायचो. पण त्यांचे ओठ तसे जांभळे झालेले मी पुन्हा पाहिले नाहीत. त्यानंतर त्या अकरा थंड्या आमच्यात होत्या. परसात वाऱ्याच्या वरच्या अंगाला पोतं टाकून बसायच्या आणि तिथून माझ्या भाकरीला नावं ठेवायच्या.

एक मात्र सांगायचं राहिलं. त्या सकाळी परसातली चूल पेटल्यावर मी खाली पडलेली काडेपेटी उचलली आणि खाली मान घालून देवाकडे न्यायला निघाले. आत्याबाईंनी हात पुढे करून ती माझ्याकडून घेतली. एक काडी पेटवली, वीतभर लांब धरली आणि तोंड उघडं ठेवून, ओठ न मुडपता, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं फुंकलं. ज्योत वाकली आणि उभी राहिली. त्यांनी पुन्हा नाही फुंकलं. हात झटकून काडी विझवली, पेटी चुलीच्या उजव्या अंगाला, ओल लागणार नाही अशा जागी ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काडी लाव उद्यापासनं. तुजा दम तुला ऱ्हाऊ दे."